आम्ही केलेलं चिलखत

“फावल्या वेळात केलंय आम्ही,” लोखंडी कड्यांचं चिलखत पाहुण्यांपुढे धरून मंजिरीचा नवरा सांगत होता. पाहुण्यांनी वाहवा केली, तशी त्याने ऐटीत मानही डोलावली.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मंजिरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही? वर्षभर ती व्हिडिओ बघून एकेक कडी ओवत होती, बोटांना घट्टे पडले होते, तेव्हा हाच माणूस “कशाला घरात भंगार साठवतेस?” म्हणून येता-जाता टोमणे मारत होता.

“काका, कसं विणायचं ते मलाही दाखवा ना,” पाहुण्यांची मुलगी म्हणाली.

“दाखवा की!” मंजिरीने दोन पकडी आणि एक कडी त्याच्यापुढे आपटली.

कडी उघडताना तिची टोकं मागे-पुढे पिळायची असतात. त्याने ती दोन्हीकडे ताणली आणि कडी पार वेडीवाकडी झाली. मग दाबून दाबून पाहिली, पण तिचं तोंड काही जुळेना.

मंजिरीने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सगळ्यांसमोर उंच धरली.

“अहो, भंगार म्हणतात ते याला.”