गोठ्याच्या खिडकीतला फोटू

पद्माबाईंनी पिशवीतून एक्स-रे काढला, आणि टेबलावर ठेवताना त्यांनाच लाज वाटली. चारही कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं, एक कड शेळीनं चावलेली. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान कोंडीबा मोटारसायकलवरून पडले, तेव्हा बरगड्या बघायला काढलेला. बरगड्या धड निघाल्या आणि फोटो गोठ्याच्या खिडकीला ठोकला गेला. शेळ्यांसाठी काच कोण आणतं?

"तुमी काल जुनं काही हाय का म्हणून इचारलं, मॅडम. सकाळीच उपटून आणला."

डॉक्टर ऐश्वर्या हसल्या नाहीत. धूळ पुसून त्यांनी तो दिव्यासमोर लावला, शेजारी नवा.

कोंडीबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन गुण नव्हता, थुंकीत जंतूही कधी सापडले नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी छातीत गाठ दिसली. कॅन्सर हा शब्द घरात आला, तेव्हापासून लावणी तोंडावर आली तरी त्यांनी हळदीच्या बेण्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पद्माबाईंना गाठीपेक्षा त्याचीच धास्ती होती.

"ही बघा," डॉक्टरांनी जुन्या फोटोवर बोट ठेवलं. "तेव्हाही होती, बोराएवढी. सगळे बरगड्याच बघत बसले. आता मोसंबीएवढी झालीय."

"अकरा वर्सं?" पद्माबाई म्हणाल्या.

"हो. कॅन्सर सहसा इतका दम धरत नाही. ही फुप्फुसाच्या आवरणाची गाठ वाटते. क्वचित कुणाला होते, आणि दिसते टीबी नाहीतर कॅन्सरसारखी. सुईनं तुकडा काढून तपासू. माझा अंदाज खरा निघाला, तर ऑपरेशन करून काढता येईल."

कोंडीबा वळले. "बराबर दिसून राहिलं का, मॅडम?"

"शेळीनं तेवढी जागा सोडली म्हणून दिसतंय. हा फोटो आता माझ्याकडेच राहू द्या."

पद्माबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडू आवरेना. कोंडीबा मात्र त्या भोकं पडलेल्या फोटोकडे बघत कसल्याशा विचारात पडले होते.

"मंग खिडकीला काय लावावं?" ते म्हणाले. "शेळ्यायला झळ लागंल."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना घरचं काही सुचलं होतं.

"तवर गोणपाट लावू," पद्माबाई नाक पुसत म्हणाल्या. "ऑपरेशननंतरचा नवा फोटू येईलच की."