पुढचं दार

तारामतीबाईंना रांगेत उभं राहू कुणी दिलंच नाही. पतसंस्थेच्या पायऱ्यांपासून निघालेली रांग पार मेडिकलच्या दुकानापर्यंत गेली होती. ऊन तापलेलं, त्यामुळे जो तो जागच्या जागी बसलेला. बाई दिसल्या तशी कुजबुज झाली. "बाई आल्या. सरका, वाट द्या." तेवढ्यात शिपाई आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मागच्या दारानं चला. साहेबांनी बोलावलंय."

साहेब म्हणजे भागवत. नोटा मोजायला बाईंनीच शिकवलेला पोरगा. बाई गेल्या वर्षी मॅनेजर म्हणून रिटायर झाल्या आणि तो त्यांच्या खुर्चीत बसला. आज त्यानं चहा मागवला, तोही कपबशीतून. या शाखेत कपबशी निघायची ती फक्त ऑडिटर आल्यावर. बाईंनी ती हातात न घेताच विचारलं.

"लातूरचं हेड ऑफिस सोमवारपासून बंद आहे म्हणतात. खरं का रे?"

भागवतने पंख्याकडे पाहिलं. "खरं आहे मॅडम."

"आणि चेअरमन?"

"फोन लागत नाही."

ग्रॅच्युइटी, फंड, सगळं मिळून अठरा लाख त्यांनी इथेच ठेवले होते. पतसंस्थेच्या नोकरीला पेन्शन कुठली? म्हातारपण काढायचं ते त्या व्याजावरच. जावई सांगून दमला होता की पैसे मोठ्या बँकेत हलवा. बाई म्हणायच्या, मीच काढले तर लोक काय म्हणतील? लोक काय म्हणतील या एका वाक्यानं आजवर किती घरं बुडाली, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

भागवतने खण उघडून एक चेक पुढे सरकवला. बाईंच्या नावाचा, पूर्ण रकमेचा.

"वटेल?" बाईंनी विचारलं.

"आज वटेल. समोरच्या बँकेत आपल्या खात्यावर जेमतेम तेवढेच उरलेत."

"आणि बाहेरच्यांना?"

"माणशी दहा हजार देतोय, तिजोरीत आहेत तोवर. उद्या शटर उघडेल असं काही वाटत नाही."

बाईंनी चेक दोनदा वाचला. मग पर्समध्ये ठेवला, चेन लावली, आणि लागली की नाही ते पुन्हा चाचपून पाहिलं. लाज वाटलीच. पण लाजेपेक्षा जीव भांड्यात पडल्याचं सुख मोठं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या मागच्या दाराकडे वळल्या, तसा भागवत खुर्चीतून उठला.

"मॅडम, जाताना पुढच्या दारानं जा."

"का?"

"सगळे तुमच्या तोंडाकडं बघून बसलेत. तुम्ही निवांत बाहेर पडलात की निम्मी रांग घरी जाईल. मला दगड खायचे नाहीत मॅडम, घरी लहान लेकरं आहेत." मग टेबलाकडे बघत तो म्हणाला, "अन् जरा हसत जा."

पर्स काखेत दाबून, अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून वाकून त्या बाहेर आल्या आणि हसल्या. मॅनेजर होण्याआधी बारा वर्षं त्यांनी दारोदार फिरून पिग्मीचे रोजचे दहा-वीस रुपये गोळा केले होते. तेव्हाचंच ते हसू. आपोआप आलं.

पायऱ्यांच्या खाली भाजीवाली नागुबाई बसली होती. "बाई, तुमचे पैसे हायत नव्हं आत?"

बाईंनी मान हलवली. कशी हलवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नागुबाईला तो होकार वाटला.

"मी म्हनलं नव्हतं का?" ती मागच्यांना म्हणाली. "बाई हायत तवर भ्याव न्हाई. उगं दिवस मोडला माझा." तिनं पिशवी उचलली.

"मग मी पण जाते," मागची वहिदा म्हणाली. "लोकांचे ब्लाऊज पडलेत मशीनवर."

आणखी चार-पाच जण उठले, कपडे झटकू लागले. एका बाईनं जाता जाता तारामतीबाईंच्या पायाला हात लावला.

तारामतीबाई झटक्यात मागे सरल्या. तशाच वळल्या, शटरखालून आत गेल्या आणि चेक काढून भागवतच्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, वेड्यासारखं करू नका. पुन्हा मिळायचा नाही."

"माहीत आहे मला." त्यांनी पर्सची चेन लावली.

पुन्हा त्या पुढच्याच दारानं बाहेर आल्या. या वेळी हसू आलं नाही. नागुबाईच्या बाजूनं, वहिदाच्या बाजूनं, रांगेला लागून चालत त्या मेडिकलपर्यंत गेल्या. तिथे एक अनोळखी म्हातारा चपलांवर बसला होता.

"रांगेत शेवटी तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

"हाव. का बरं?"

"मग तुमच्यामागं मी."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि चपला पायात घातल्या. त्याच्या पुढचा उठला, त्याच्याही पुढचा उठला. बसलेली रांग पायऱ्यांपर्यंत उभी राहत गेली, आणि रस्ता ओलांडून निघालेली नागुबाई आपली जागा धरायला उलटी पळत सुटली.