झाकण

"फाटक्या नकोत," संस्थेने सांगितलं. "नायलॉनच्या नकोत," गोधडीवाली म्हणाली. आई गेल्यापासून तिच्या साड्यांचं गाठोडं दारातच अडलं होतं. वैतागलेल्या मृदुलाने शेवटी आईच्या नेहमीच्या बोहारणीला हाक मारली.

म्हातारीने एकेक साडी उजेडात धरून पाहिली आणि एक पातेलं पुढे सरकवलं.

"एवढ्या साड्यांना नुसतं पातेलं? झाकण काय मी विकत आणू?" मृदुलाने वरची साडी परत ओढली. आईच्या याच घासाघिशीने लहानपणी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अगदी आईवर गेलीस, बाई! तीही अश्शीच एक ओढून धरायची." बोहारणीने हसत पातेल्यावर झाकण ठेवलं आणि साडीसाठी हात पुढे केला. "सोड आता. दिलं ना झाकण?"

मृदुलाची मूठ मात्र सुटेना.