काठावरचे चौकोन

"माती आणा आणि बुजवून टाका तो तलाव!" दशरथराव सभेत कडाडले. त्यांच्या पत्नी शकुताई काठावरच्या शेवाळावरून घसरून हात मोडून घेऊन बसल्या होत्या. दशरथरावांना अडवायची कुणाची छाती नव्हती.

सेक्रेटरी श्यामकांतचा जीव तळमळला. अंधेरीच्या त्या सोसायटीला हा पोहण्याचा तलाव जुन्या बंगल्याच्या जागेबरोबर मिळालेला. सगळी पोरं त्यातच हातपाय मारायला शिकली होती. पण काठाच्या काँक्रीटवरचा रंग पापुद्र्यांनी निघत होता, आणि कंत्राटदाराचा आकडा ऐकून खजिनदाराला ठसका लागला होता.

पोरांना पोहायला शिकवणाऱ्या नलिनीबाई उठल्या. "दिवाळीपर्यंत थांबा. काठ मी रंगवते."

"रंगवाल हो! पण रोज घासणार कोण? तुम्ही एकट्या?"

"आधी रंग तर वाळू द्या, दशरथभाऊ."

बाईंनी पदर खोचला. दारं रंगवून उरलेला ऑइलपेंट त्यांनी घरोघरी फिरून मागून आणला. शकुताईंनीही गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत आपला तपकिरी डबा नवऱ्याच्या नकळत पोचवला. बाईंनी जुने पापुद्रे खरवडले, सोड्याने काठ धुतला, उन्हात खडखडीत वाळवला. रंगाचा पहिला हात ओला असतानाच त्यावर चाळलेली रेती भुरभुरली, पाय घसरू नये म्हणून. श्यामकांत थक्क होऊन बघत राही. या बाईला दमणं म्हणून ठाऊक नव्हतं.

त्याला वाटलं होतं, बाई सगळे रंग एकत्र कालवून खिचडी करणार. पण त्यांनी काठावर चौकोन पाडले आणि ज्या घराचा रंग, तो त्याच्या चौकोनाला दिला. कुठे पोपटी, कुठे निळा, कुठे तपकिरी. लोक हसले. "गोधडी झाली की हो काठाची!"

पावसाळ्यात शेवाळ धरणार हे ठरलेलंच होतं. श्रावण सरता सरता श्यामकांत काठ बघायला तलावावर गेला. पोपटी दाराच्या वहिनी पोपटी चौकोनावर पाणी ओतत होत्या. निळ्या दाराचे आजोबा निळ्यावर खराटा फिरवत होते. आणि लेंगा गुडघ्यापर्यंत सरकवून दशरथराव काथ्याने तपकिरी चौकोन घासत होते.

"दशरथराव, तुम्ही?"

"आधी बाजूला व्हा, सेक्रेटरी! माझ्या दारात चपला घालून काय उभे राहता?"