डावे हात

प्रश्न विचारून झाला आणि वर्गातला एकही हात वर आला नाही.

पूर्णिमा फळ्यापाशी उभी होती. एरवी हीच मुलं प्रश्न संपायच्या आत तोंड उघडायची. आज सगळी वहीत डोकं घालून बसली होती, कारण मागच्या भिंतीपाशी तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर नेमणूक समिती बसली होती. मधोमध प्रमुख, हेन्क. इथल्या पद्धतीप्रमाणे पूर्णिमा त्यांना नुसतं हेन्क म्हणायची. मनातल्या मनात 'सर' म्हणायची, ते वेगळं.

नायमेखन शहराजवळच्या या छोट्या कॉलेजात ती भावी शिक्षकांना शिकवायचं कसं ते शिकवत होती. तात्पुरत्या नेमणुका तीन होऊन गेल्या होत्या, चौथी कायद्यात बसत नव्हती. आजचा पाठ समितीला पटला तर नोकरी कायम. नाहीतर उन्हाळ्यात टेबल रिकामं करायचं आणि पुन्हा 'यतीनची बायको' म्हणून घरी बसायचं. या देशात आल्यावर ती तशी बसली होती. ते दिवस तिला पुन्हा नको होते. नको म्हणजे नको.

सकाळी यतीन म्हणाला होता, "अगं, इतकं काय टेन्शन घेतेस? आईने तिकडे देव पाण्यात घातलेत."

"म्हणजे त्यांनाही टेन्शन आहे," ती म्हणाली होती.

"मम्मा, जस्ट बी युअरसेल्फ," लेक जुई ब्रेडवर चॉकलेटचा चुरा पसरत म्हणाली होती. हा सल्ला देणारे स्वतः कधी मुलाखतीला बसलेले नसतात.

फळ्यावर एका नऊ वर्षांच्या मुलाचं गणित होतं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, झालं.

"उत्तर चुकलंय," पूर्णिमा पुन्हा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पण या मुलाच्या विचारात काहीतरी शहाणपण आहे. कोणतं?"

मुलांना भीती घालू नका, असं वर्षभर सांगणाऱ्या बाईंची स्वतःचीच पाचावर धारण बसली होती.

मग दुसऱ्या रांगेत एक हात वर आला. त्याच्या शेजारचा आला. बघता बघता सगळा वर्ग हात वर करून बसला. मागे हेन्कनी कौतुकाने भुवया उंचावल्या.

पूर्णिमाने नीट पाहिलं. हात डावे होते.

तिचीच करणी. गेल्या हिवाळ्यात तिनेच त्यांना आपल्या शाळेतली गंमत सांगितली होती. साहेब तपासणीला यायचे तेव्हा जयंतीबाई आधीच बजावून ठेवायच्या, हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाई फक्त उजव्याला उठवणार, साहेब खूश होऊन जाणार. वर्ग पोट धरधरून हसला होता. एकट्या मारिटने विचारलं होतं, "मग डाव्या हातांना नंतर कोणी शिकवायचं का?" पूर्णिमाने घड्याळ पाहून पुढचा विषय काढला होता.

आता ही पोरं तिला वाचवायला निघाली होती. किती गोड, आणि किती भयंकर. हेन्कनी मागून उगाच कोणाकडे बोट दाखवलं तर?

तिने रांगांवरून नजर फिरवली. खिडकीपाशी एक उजवा हात होता. लूकचा. लूक सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना फुटबॉल शिकवायचा. आधी दोनदा मारून एक गोल, मग तीनदा मारून एक गोल, म्हणजे पाचांत दोन. मुलाचा हिशोब त्याला बरोबर कळला असणार. त्याचं नाव घेतलं की संपलं. हात वर केलेला अख्खा वर्ग, झटकन आलेलं उत्तर, कायमची नोकरी. लूक तर डोळ्यांनी सांगतच होता, घे ना माझं नाव.

"विचार की कोणालाही," मागून हेन्क म्हणाले.

लूकचं नाव तिच्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात तिला मारिट दिसली. डावा हात ताठ वर, नजर बाकावर. आपलं नाव येऊ नये म्हणून पोर जीव मुठीत धरून बसली होती. हे असं बसणं पूर्णिमाच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

"मारिट," ती म्हणाली.

वर्ग चमकला. लूकचा हात हळूच खाली आला. बाईंनी दगा दिला, असं मारिटच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"उत्तर नको सांगूस," पूर्णिमा म्हणाली. "तुला कुठे अडलंय, ते सांग."

मारिटने मागे वळून समितीकडे पाहिलं. मग फळ्याकडे. "खरं सांगू? मला त्यात चूकच दिसत नाहीये. मीसुद्धा असंच केलं असतं."

उद्या शिक्षिका होणारी मुलगी! कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मागे हेन्कचं पेन कागदावर भराभर चालू लागलं. काय लिहीत होते, देव जाणे. पूर्णिमाला वाटलं, आत्ताच्या आत्ता पर्स उचलावी आणि स्टेशन गाठावं.

तिने मागे पाहिलं नाही. खडू उचलला आणि पुढे केला.

"ये. कसं केलं असतंस ते आम्हाला दाखव."

मारिट उठली. खडू घेताना दोघींची बोटं एकमेकींना लागली. दोघींचीही गार पडली होती.