आनंदग्रहावरची निळी सोंगटी

“यान सुटतंय, चढा पटापट!” खेळ सांगणारा नचिकेत ओरडला. टेबलावरच्या नकाशातला आनंदग्रह फुटायला आला होता.

या टोळक्याचा रिवाज असा, की जो खेळायला येणार नाही, त्याची सोंगटी आनंदग्रहावर मौज करत थांबायची. विहंग आजारात गेला, तरी त्याची निळी सोंगटी अजून तिथंच होती.

“ताई, तू बहीण त्याची. तूच चढव त्याला यानात,” नचिकेत म्हणाला.

शाल्मलीनं सोंगटीवर बोट ठेवलं. दवाखान्यात शेवटी शेवटी त्याला कूसही बदलता येत नव्हती. इथं मात्र तो गाणाऱ्या झाडांखाली नाचत होता.

तिनं बोट उचललं. “राहू दे रे.”

“अगं, ग्रह फुटेल ना!”

“फुटू दे. नाचता नाचता जाईल माझं सोनं. तू यानाचं दार लाव.”