मागच्या दाराची सूर्यफुलं

"फुलं मागच्या दाराने दे हं," क्षमा म्हणाली आणि नजर चुकवली.

सुनंदा आपल्या वाफ्यात कात्री घेऊन उभी होती. आत्ताच ती म्हणाली होती, पाच वाजता साडी बदलून येते, वाण मांडायला हात लावते. त्यावर हे उत्तर. तिला आधी कळलंच नाही.

"मागच्या दाराने? का गं?"

"माझं काही नाही गं. मी असलं मानत नाही, तुला माहितेय. पण सासूबाई आल्यात ना सोलापूरहून. जुनं माणूस. हळदीकुंकवाला... त्यांना नाही चालत."

सुनंदाने पुढचं फूल कापलं आणि बादलीतल्या पाण्यात ठेवलं. "बरं," एवढंच म्हणाली.

खरं सांगायचं तर सासूबाईंनी यातला चकार शब्द काढला नव्हता. क्षमाने त्यांना विचारलंच कुठे होतं? भीती होती ती देविकाताईंची. मोठ्या साहेबांची बायको. गेल्या वर्षी कुणाकडे तरी एक नवरा गेलेली बाई हळदीकुंकवाला आली, तर ताईंनी नुसती भुवई उचलली आणि सगळी खोली गप्प झाली. ते आपल्या घरी नको. मग काय, ठेवली बंदूक म्हातारीच्या खांद्यावर. सासूचा तेवढा तरी उपयोग!

दूर तमिळ मुलखातल्या तांबरमच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं मोजकीच. रथसप्तमीचं हळदीकुंकू यंदा क्षमाकडे होतं. प्लास्टिकच्या डब्या लुटून सगळ्यांनाच वीट आला होता. सूर्याचा दिवस, तर सूर्यफुलाचं वाण द्यायचं, ही कल्पना क्षमाची. राबली मात्र सुनंदा. नवरा, रत्नाकर, गेला, त्याच्या जागी तिला रेल्वेत नोकरी लागली, आणि क्षमाच्या शेजारच्याच क्वार्टरच्या मागे तिने हा नाद लावून घेतला. शोभेची सूर्यफुलं. कुंपणाकडची ओळ कापायची. ती बिनपरागाची जात, बी बंगळुरूहून मागवलेलं. कुणाच्या रेशमी साडीला पिवळे डाग नकोत म्हणून. पाकळ्या जराशा उचलल्या की लगेच कापायचं, म्हणजे फूल पाण्यात आठवडाभर राहतं. भिंतीकडची ओळ परागाची, मधमाश्यांची. तिला कात्री लावायची नाही.

"सगळं आपणच न्यायचं का?" सुनंदा म्हणायची. "त्यांनाही कुणीतरी बोलवायला हवं ना."

पाच वाजता बादल्या मागच्या पायरीवर होत्या. प्रत्येक फुलाच्या देठाला हिरवी फीत बांधलेली. सुनंदा नव्हती. क्षमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पुढची बेल वाजली आणि ती हसरं तोंड करून धावली. सासूबाई मागच्या खोलीत होत्या. सासरे गेल्यापासून त्या चारचौघींत फारशा बसत नसत, आणि क्षमानेही दुपारीच सांगून टाकलं होतं, "तुम्ही आराम करा आई, पुढे नुसता गोंगाट होईल."

गोंगाट झालाच. तिळगूळ झाला, उखाणे झाले. फुलं हातात पडली तशा बायका हरखून गेल्या.

"अगंबाई, केवढी सुरेख! आणि साडीला डाग नाही काही नाही," देविकाताई म्हणाल्या. "लावली कुणी?"

क्षमाने तिळगुळाची वाटी पुढे केली. "आहे एक, ओळखीतली," ती म्हणाली.

क्षमाच्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा रजा टाकून त्याच्या उशाशी बसलेली सुनंदा ओळखीतली झाली! स्वतःच्या जिभेची क्षमाला किळस आली. तरी ती जीभ पुढे गोडगोड बोलतच राहिली. तिळगूळ खाल्ला होता ना.

तेवढ्यात समोरच्या तमिळ मामी सुनांना, जावेला, जावेच्या मुलींना घेऊन आल्या. वा वा, या या. पण बादलीत फूल एकही उरलं नव्हतं. दारातल्या सवाष्णीला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? क्षमाला भिंतीकडची ओळ आठवली. मधमाश्या काय, उद्या दुसरीकडे जातील. ओट्यावरची कात्री घेऊन ती मागे निघाली. सासूबाईंच्या खोलीवरून जाताना तिने सहज आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती. जपमाळ खिडकीत होती. खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यातून सुनंदाचा वाफा दिसत होता, सकाळी दोघी जिथे बोलत होत्या ती जागाही.

सकाळचं सगळं इथे ऐकू आलं असणार. तरी ती बाहेर गेली.

भिंतीपाशी पूर्ण उमललेल्या फुलांखाली पोतं अंथरून दोघी बसल्या होत्या, सासूबाई आणि सुनंदा. मध्ये सासूबाईंच्या घरच्या तिळाच्या वड्यांचा डबा. उन्हं उतरली होती, तरी दोनचार मधमाश्या अजून फुलांवर घोटाळत होत्या. सासूबाईंच्या बोटाला परागाची पिवळी पूड लागली होती. तीच पूड सुनंदाच्या कपाळावर होती. सासूबाईंच्या कपाळावरही होती.

क्षमाने कात्री पाठीमागे लपवली. आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. तिने म्हटलं, "आई, इथे काय बसलात? चला ना आत. सुनंदा, तूसुद्धा चल. अगदी मनापासून म्हणतेय."

सुनंदा मान खाली घालून डब्याचं झाकण लावत राहिली. सासूबाईंनी मात्र सुनेकडे नीट पाहिलं. रागाने नाही, उगाच समजुतीनेही नाही.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "आत तुझ्या सासूबाई आहेत ना, त्यांना विधवा चालत नाहीत."